‘गोळ्यांनी पिशवी सुकते’: एका पेपरची झडती

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आटगावला घरीच होते. मागच्या दारी भांडी पुसत बसलो होतो, तेव्हा वहिनी (चुलत भावाची बायको) आवाज खाली करून म्हणाली, "ताई, तुम्ही ते पिशवीचंच शिकता ना? मग खरं सांगा. लय दिवस गोळ्या घेतल्या की पिशवी सुकते का?"

मी पिशवीचं शिकत नाही, उंदरांच्या बीजकोशातल्या पेशींवर काम करते. पण घरच्यांसाठी तो फरक नसतोच. वहिनीने मुलगी झाल्यावर आशाताईकडून माला-एन घेऊन चार वर्षं नेमाने खाल्ली. आता दुसरं हवंय म्हणून थांबवली, त्याला नऊ महिने झाले. काकी रोज काहीतरी बोलते. आणि ज्या खाजगी डॉक्टरकडे ती गेली, त्यांनी एकही तपासणी न सांगता "गोळ्या फार खाल्ल्यात, वेळ लागणार" एवढं म्हणून तीन महिन्यांचं टॉनिक लिहून दिलं.

मी लगेच ठसक्यात सांगितलं, "छे गं, असं काही नसतं. बीएमजेमध्ये पेपर आहे, सतरा-अठरा हजार बायकांवरचा."

रात्री झोपताना लाज वाटली, कारण मी त्या पेपरचं फक्त ॲबस्ट्रॅक्ट वाचलं होतं. पेटच्या मुलाखतीत कोणी असं उत्तर दिलं असतं तर मीच नाक मुरडलं असतं. मग परत आल्यावर तो पेपर आणि त्याच्या मागेपुढे असलेले तीन-चार नीट वाचून काढले. खाली लिहिलंय ते त्या वाचनाचं. (वहिनीला विचारून लिहितेय, दोन-तीन तपशील बदललेत.)

पेपर २०२० चा. यलँड आणि सहकाऱ्यांचा. डेन्मार्कमधले दोन आणि उत्तर अमेरिकेतला एक असे तीन अभ्यास त्यांनी एकत्र केले. एकूण १७,९५४ बायका, सगळ्या मूल हवं म्हणून प्रयत्न करत असलेल्या. आधी कोणतं साधन वापरत होतात, कधी थांबवलंत, किती वर्षं वापरलंत हे सुरुवातीला विचारलं. मग दर दोन महिन्यांनी प्रश्नावली, गर्भ राहीपर्यंत किंवा वर्ष पुरं होईपर्यंत. साधारण ३८ टक्के बायका नुकत्याच गोळीवरून आलेल्या, ३१ टक्के निरोधसारख्या अडथळ्याच्या साधनांवरून. तुलना या दुसऱ्या गटाशी.

इथे पहिली गोष्ट समजून घ्या, कारण मुलाखतीत हमखास अडतं ते इथे. या अभ्यासांत "मूल झालं की नाही" हा प्रश्न नसतो. "दर पाळीमागे गर्भ राहण्याची शक्यता किती" हा असतो. त्याला फिकंडेबिलिटी म्हणतात, आणि दोन गटांतल्या या शक्यतेच्या भागाकाराला फिकंडेबिलिटी रेशो. एका गटात दर पाळीला २० टक्के आणि दुसऱ्यात १३ टक्के शक्यता असेल, तर रेशो ०.६५. ऐकायला भयंकर वाटतं. पण १२ पाळ्यांचं गणित कागदावर करून बघा: पहिल्या गटात ९३ टक्के बायकांना गर्भ राहिलेला असेल, दुसऱ्यात ८१. फरक आहेच, मोठा आहे, पण "मूल होणार नाही" आणि "मूल उशिरा होईल" यांतलं अंतर त्या आकड्यात दडलेलं आहे. आपल्याकडे बातमी लिहिणारे नेमके तिथेच घसरतात.

०.६५ हा आकडा मी हवेतून घेतला नाही. तो याच पेपरात आहे, पण गोळीचा नव्हे, तीन महिन्यांच्या इंजेक्शनचा. इंजेक्शन सोडल्यावर नेहमीची शक्यता परत यायला पाच ते आठ पाळ्या लागल्या. त्वचेवरच्या पट्टीला चार, गोळीला तीन, तांबी आणि दंडातल्या कांडीला दोन. आणि वहिनीच्या प्रश्नाचं थेट उत्तर म्हणजे, आयुष्यात एकूण किती वर्षं हॉर्मोनची साधनं वापरली याचा गर्भ राहण्याच्या शक्यतेशी संबंध दिसला नाही.

तीन पाळ्यांचा उशीर म्हणजे किती? समजा त्या तीन पाळ्यांत शक्यता २० ऐवजी १५ टक्के झाली आणि मग पूर्ववत. वर्षाअखेर ९३ च्या जागी ९२ येतात. बस्स.

शरीरशास्त्रही याच्याशी जुळतं. माला-एनच्या पाकिटात २१ गोळ्या हॉर्मोनच्या (लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम, इथिनिल इस्ट्राडिओल ०.०३ मिलिग्रॅम) आणि ७ लोहाच्या. हॉर्मोन मेंदूकडून येणारा निरोप थोपवतात, म्हणून बीज बाहेर पडत नाही. गोळी थांबली की काही दिवसांत औषध शरीरातून जातं आणि निरोप पुन्हा सुरू होतो. "सुकायला" त्यात काही नाही. उलट बाजूचा गैरसमजही तितकाच पक्का आहे, तो म्हणजे गोळी घेतली की बीजं साठून राहतात. तसंही नाही. बीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो आणि बीज बाहेर पडो न पडो, तो आपल्या गतीने ओसरत राहतो. माझ्या उंदरांतही हेच चालतं, रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघते.

एक धोक्याची सूचना जाता जाता: गोळी चालू असताना एएमएच तपासलं तर आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो आणि गोळी थांबवल्यावर तो वर येतो. कल्याण-ठाण्याच्या लॅबच्या पॅकेजमध्ये ही तपासणी सर्रास असते, आणि गोळी घेता का हे विचारलं जातंच असं नाही.

इथवर सगळं गोड आहे. आता झडती.

"जास्त वर्षं गोळी, तरी नुकसान नाही" हे एका पेपरचं म्हणणं नाही. २००२ मध्ये फॅरो आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या एव्हन भागातल्या ८,४९७ ठरवून झालेल्या गरोदरपणांवरून तर त्याहून पुढचं सांगितलं. पाच वर्षांहून जास्त गोळी घेतलेल्यांना उशीर होण्याचा धोका कमी! हे वाचून मी आधी खूश झाले. मग लक्षात आलं की आकडा ‘गरोदरपणांचा’ आहे. म्हणजे ज्यांना गर्भ राहिला त्याच बायका त्यात आहेत. ज्यांना राहिलाच नाही, त्या प्रसूतिपूर्व तपासणीला आल्याच नाहीत, त्यामुळे अभ्यासातही नाहीत. गोळीने समजा कोणाचं कायमचं नुकसान झालं असतं, तर नेमकी तीच बाई या यादीतून गायब असती. कासऱ्याच्या गाडीला किती उशीर होतो हे फक्त पोचलेल्या गाड्यांवरून मोजलं, तर रद्द झालेल्या गाड्या हिशेबात येत नाहीत, तसं.

याहून बारीक गोम दुसरी आहे. ती समजायला मला दोन दिवस लागले. निरोध वापरणाऱ्या जोडप्यांत जी सहज गर्भ राहणारी आहेत, त्यांचा निरोध कधीतरी चुकतो आणि न ठरवता दिवस जातात. ती जोडपी ‘ठरवून प्रयत्न करणाऱ्यां’च्या अभ्यासात येतच नाहीत. गोळी मात्र नीट घेतली तर क्वचित चुकते, त्यामुळे गोळीवाल्यांतल्या सहज गर्भ राहणाऱ्या बायका शेवटपर्यंत गटात टिकतात. म्हणजे तुलनेचा निरोधवाला गट आधीच थोडा चाळून निघालाय, आणि गोळीचा गट त्याच्याशेजारी आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. हा दोष फॅरोंच्या पेपरात आहे, आणि थोडा बीएमजेच्या पेपरातही राहतो, कारण तिथेही तुलना त्याच गटाशी आहे. वर्षांनुसार गोळीवाल्यांचीच आपसात तुलना केली की तो बराच कमी होतो. डेन्मार्कच्या ३,७२७ बायकांवरच्या २०१३ च्या पेपरात मिकेलसेन यांनी हे केलं. १२ वर्षांहून जास्त घेतलेल्यांची शक्यता चारहून कमी वर्षं घेतलेल्यांपेक्षा कमी निघाली नाही. म्हणून मी या निष्कर्षावर विश्वास ठेवते. फॅरोंच्या आकड्यामुळे नाही.

वयाचंही विसरू नका. दहा वर्षं गोळी घेतलेली बाई दहा वर्षांनी मोठी झालेली असते. वय हिशेबातून वेगळं न काढता कोणी "दीर्घकाळ गोळी घेणाऱ्यांना उशीर" असं लिहिलं, तर तो गोळीचा परिणाम नसून कॅलेंडरचा असू शकतो. आणि उलट दिशेचा घोळ: पाळी अनियमित आहे म्हणूनच पुष्कळ मुलींना गोळी सुरू केली जाते. गोळी असेतो पाळी घड्याळासारखी येते, थांबवली की मूळचा त्रास वर येतो, आणि नाव गोळीचं. दोष आधीपासून होता, गोळीने तो झाकला होता.

जुने पेपर मात्र मोडीत काढू नका. इंग्लंडमध्ये १९६८ पासून सुरू झालेल्या १७,०३२ बायकांच्या ऑक्सफर्ड-एफपीए अभ्यासातून व्हेसी यांनी १९७८ मध्ये लिहिलं की गोळी सोडलेल्यांना खरंच उशीर होतो. आधी मूल न झालेल्यांत तो फरक पुरता मिटायला ४२ महिने लागले, आधी मूल झालेल्यांत ३०. तीन पाळ्या कुठे आणि ४२ महिने कुठे! पण त्या काळच्या गोळ्यांत हॉर्मोनचं प्रमाण आजच्यापेक्षा बरंच जास्त असायचं. गोळी बदलली, भीती तीच राहिली. आपल्या आज्या-काक्यांनी जे ऐकलं ते अगदीच बिनबुडाचं नव्हतं, हे मला व्हेसी वाचून कळलं. काकीला मनातल्या मनात अडाणी म्हणत होते, ते थांबवलं.

अजून एक पेपर, कारण त्यात गणित शिकण्यासारखं आहे. २००९, क्रोनिन आणि सहकारी, युरोपातला युरास अभ्यास. मूल हवं म्हणून गोळी थांबवलेल्या २,०६४ बायका. पहिल्याच पाळीत गर्भ राहिला २१.१ टक्के, वर्षभरात ७९.४ टक्के. आता दर पाळीला २१.१ टक्के हीच शक्यता सगळ्यांची धरली, तर १२ पाळ्यांनंतर ९४ टक्के यायला हवेत. आले ७९.४. मधले १५ टक्के कुठे गेले? उत्तर असं की सगळ्यांची शक्यता सारखी नसते. लवकर राहणाऱ्या बायका पहिल्या दोन-तीन महिन्यांत यादीतून निघून जातात आणि मागे उरतात त्यांची सरासरी शक्यता कमी कमी होत जाते. नऊ महिने गर्भ न राहिलेली बाई म्हणजे पहिल्या महिन्यातली सरासरी बाई नव्हे. हा मुद्दा मी वहिनीला त्या दिवशी सांगितला नव्हता. सांगायला हवा होता, कारण "काळजी करू नकोस" एवढ्याने तो भागत नाही.

या अभ्यासाचा खर्च गोळी बनवणाऱ्या शेरिंग कंपनीचा होता. त्यामुळे आकडे खोटे ठरत नाहीत. पण न घेणाऱ्यांचा गट तुलनेला नसताना "गोळीने उशीर होत नाही" असा सूर कोणी लावला, तर हात वर करून विचारायला हवं.

आणि आता माझी खरी तक्रार. ही सगळी कोपनहेगन-बॉस्टनची माणसं आहेत. इंटरनेटवर प्रश्नावली भरणाऱ्या, बहुतेक शिकलेल्या, एका छपराखाली नवऱ्यासोबत राहणाऱ्या. बीएमजेचे लेखक स्वतःच्या मर्यादा सांगतात, त्यांचा दोष नाही. दोष आपला, जे ते आकडे उचलून आटगावच्या ओट्यावर ठेवतो. माझा पहिला दोष तोच.

साधी गोष्ट, ‘गोळी’ हा शब्दच घ्या. आमच्याकडे गोळी म्हणजे माला-एन. गोळी म्हणजे आठवड्याची छाया, जी लखनौच्या सीडीआरआयमध्ये शोधलेली, हॉर्मोन नसलेली आणि २०१६ पासून सरकारी कार्यक्रमात आलेली. गोळी म्हणजे ७२ तासांतली. गोळी म्हणजे मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणलेली, दिवस गेल्यावरची. आणि गौरी-गणपतीत, नवरात्रात पाळी पुढे ढकलायची तीही गोळीच. या पाच गोष्टींचा शरीरातला परिणाम पाच तऱ्हांचा. वर पुष्कळ जणी तीन महिन्यांच्या अंतरा सुईलाही "गोळ्या-सुया" या एकाच गाठोड्यात बांधतात. त्या सुईनंतर गर्भ राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण १० महिने जातात, हे औषधाच्या माहितीपत्रकातच असतं. शेजारणीला सुईनंतर वर्ष लागलं आणि गावात बोललं गेलं "गोळ्यांनी लागलं". उद्या तुमच्यापैकी कोणी शहापूर-मुरबाडमध्ये सर्वेक्षण करायला निघालं आणि प्रश्नावलीत "आपण गर्भनिरोधक गोळ्या घेता का? हो/नाही" एवढंच लिहिलं, तर तो डेटा गोळा करायच्या आधीच वाया गेला म्हणून समजा. पाकिटं सोबत न्या. रिकामी पाकिटं दाखवून विचारा. माझ्या मैत्रिणीने तिच्या एमएस्सीच्या प्रकल्पात नव्हती नेली, सगळं पुन्हा करावं लागलं.

सुईवरचा अविश्वास तर हवेतून आलेला नाहीच. १९८५ मध्ये हैदराबादजवळ पतनचेरूच्या आरोग्य केंद्रात नेट-एन इंजेक्शनची चाचणी होत होती आणि आलेल्या बायकांना ती चाचणी आहे हे धड सांगितलंच नव्हतं. स्त्री शक्ती संघटना आणि इतर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ज्ञानशास्त्र शिकवताना संमतीपत्राचा नमुना दाखवतात, हा प्रसंग मात्र क्वचित सांगतात.

दुसरं, ‘पाळी’ हे माप. बीएमजेत नऊ पाळ्या म्हणजे नऊ संधी. आमचा दादा भिवंडीच्या गोदामात आहे, खोली करून राहतो, महिन्यातून दोनदा शनिवारी रात्री येतो. गर्भ राहू शकतो असे दिवस महिन्यात जेमतेम सहा, बीज बाहेर पडतं तो आणि त्याआधीचे पाच. विल्कॉक्स यांनी १९९५ मध्येच २२१ बायकांच्या रोजच्या नोंदींवरून दाखवलंय. दोन शनिवार त्या सहा दिवसांत पडतीलच असं नाही. तेव्हा वहिनीचे नऊ महिने म्हणजे नऊ संधी नव्हेत, कदाचित चार-पाच. वीटभट्टीवर सहा महिने जाणाऱ्या कातकरी जोडप्यांचं, ठाकूरवाडीतून मुंबईला बिगारीला जाणाऱ्यांचं गणित आणखी वेगळं. डॅनिश प्रश्नावलीत हा रकाना लागत नाही, आपल्याला लागेल.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्यासाठी डेन्मार्कला जायला नको, गडचिरोलीला जाऊ. राणी आणि अभय बंग यांचा १९८९ चा लॅन्सेटमधला पेपर. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. ९२ टक्के बायकांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, एकीमागे सरासरी ३.६. त्यात निम्मे जंतुसंसर्गाचे. आणि आधी कधी तपासणी-उपचार झालेल्या फक्त ८ टक्के. याच पेपरात एक वाक्य आहे जे सहसा कोणी सांगत नाही. बायकांची गर्भनिरोधक साधनं आणि हे आजार यांचा संबंध दिसला, पण आजारांचा अगदी छोटा हिस्साच त्याने समजावता येतो. म्हणजे साधनांना दोष द्यायला जागा होती, आणि तरी बाकीच्या मोठ्या ढिगाकडे बघा असं आकडे म्हणत होते. न तपासलेला संसर्ग, क्षयरोगाने बंद झालेल्या नळ्या. गोळी दिसते, पाकीट घरात असतं, सासूला सापडतं. संसर्ग दिसत नाही.

नवराही दिसत नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत कारण पुरुषाकडे असतं, एकटं किंवा जोडीने. तो अहवाल काही शे रुपयांत आणि एका दिवसात मिळतो.

राज्याचं चित्रही डोक्यात असू द्या. महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत जवळपास निम्म्या विवाहितांनी स्त्री नसबंदी केलेली होती. देशभरात नसबंदी ३७.९ टक्के आणि गोळी ५.१ टक्के. म्हणजे एक किंवा दोन मुलांमध्ये अंतर ठेवायला गोळी निवडणारी बाई आपल्याकडे आधीच थोडी आहे, आणि तिला पुढचं मूल हवं असतं म्हणूनच ती ऑपरेशन करत नाही. तिला "गोळ्या फार खाल्ल्यात" म्हणून घाबरवलं की आजूबाजूच्या दहा जणी काय शिकतात? अंतर नको, लागोपाठ दोन होऊ द्या आणि ऑपरेशन करून टाका. बाविसाव्या वर्षी. ही माझ्या डोळ्यांदेखत घडणारी गोष्ट आहे, वर्गातल्या तिघींचं असंच झालं.

मागच्या रविवारी वहिनीला फोन केला. सांगितलं, "वहिनी, चार वर्षं गोळी घेतलीस म्हणून उशीर होतोय, हे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते आता मी सांगू शकते. पण नऊ महिने झालेत, तर नुसतं थांबूही नकोस. टॉनिक बंद कर. वर्ष व्हायला तीन महिने आहेत, तोवर पाळीच्या तारखा लिहून ठेव, दादाला शनिवार त्या हिशेबाने घ्यायला सांग. अंगावरून जातं, ओटीपोटात दुखतं म्हणालीस ना, ते मात्र आत्ताच दाखव, उपजिल्हा रुग्णालयात. आणि दादाची तपासणी."

"त्यांची कशाला?" ती म्हणाली.

मी कारण सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुम्हीच बोला त्यांच्याशी. मी बोलले तर काकी म्हणेल आता नवऱ्यावर ढकलते."

दादाशी बोलले. तो हसला, मग म्हणाला, दिवाळीचा माल निघू दे, तोवर सुट्टी नाही. वहिनी गेल्या बुधवारी शहापूरला जाऊन आली, एकटीच. संसर्ग निघाला, औषध सुरू झालंय, दोघांनी घ्यायचं म्हणून दिलंय. दादाच्या गोळ्या अजून पिशवीतच आहेत.